भाजल्या दाण्यांचा वास

पिंपळे गुरवच्या आमच्या घराला दाराबाहेर एक खुंटी होती. गॅलरीच्या भिंतीत ठोकलेली, लाकडी. तिच्यावर फक्त वडिलांचा कामावरचा शर्ट असायचा. चाळीतल्या बाकी घरांच्या खुंट्या आत होत्या, आमची ही एक बाहेर. कामावरून आले की वडील चपला जिन्यापाशी काढत, शर्ट खुंटीला लावत आणि कोणाशी काही न बोलता मोरीत जात. कंपनीत एक आंघोळ करूनच ते निघालेले असत. ही दुसरी. आधी साबण, मग डाळीचं पीठ, शेवटी लिंबाची साल. पिळलेल्या लिंबांच्या साली आई त्यासाठी कोनाड्यात जपून ठेवायची. धुतलेला सदरा घालून बाहेर आले की मनगट नाकाशी नेऊन ते एक लांब श्वास घ्यायचे. समाधान झालं तर चहा, नाही तर पुन्हा मोरी.

घरात या गोष्टीची चर्चा होत नसे. आंघोळ होण्याआधी त्यांच्या जवळ जायचं नाही, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, तरी माहीत होतं.

ते चाकणजवळच्या एका छोट्या कारखान्यात होते. कोंबडी कापून साफ केल्यावर पिसं, आतडी, मुंडकी, पाय असं जे उरतं, ते शहरातल्या दुकानांतून पिंपांमध्ये भरून तिथे यायचं. ते वाफेवर शिजवायचं, आटवायचं, दाबून चरबी काढायची आणि उरलेला कोरडा चोथा दळायचा, असं काम. शेवटी तपकिरी पावडर हाती येई. तिच्यात प्रथिनं भरपूर, त्यामुळे माशांचं आणि कुत्र्यामांजरांचं खाद्य बनवणारे ती उचलत. हा कारखाना नसता तर तोच माल कुठल्यातरी ओढ्याकाठी पडला असता. वडील हे वाक्य फार वेळा म्हणायचे. लोकांना सांगताना मात्र ‘खाद्याची कंपनी’ एवढंच सांगत.

त्यांच्या शर्टाच्या खिशावर लाल दोऱ्याने ‘ऑपरेटर’ असं भरलेलं होतं. दर दसऱ्याला नवा शर्ट मिळे. जुन्याचं पोतेरं व्हायचं, पण त्याआधी आई खिसा उसवून काढायची. तसे खिसे तिच्या शिवणाच्या डब्यात साठले होते.

या शब्दाचं महत्त्व समजायला आजोबांकडे जावं लागतं. करमाळ्याच्या बाजूच्या आमच्या गावात मेलेली जनावरं ओढून नेण्याचं काम आमच्या वस्तीकडे होतं. चळवळीची हाक आली तेव्हा आजोबांच्या पिढीने एका बैठकीत ते सोडलं. गावाने त्यांची मजुरी बंद केली, विहीर बंद केली. वस्तीने ओढ्यात झरे खणून पाणी प्यायलं, पण दोराला पुन्हा हात लावला नाही. वडील हे ऐकतच मोठे झाले. शहरात आल्यावर भोसरीच्या एका वर्कशॉपात बॉयलरवर होते. ते बंद पडलं तेव्हा चाकणची ही जागा चालून आली. नातेवाईक म्हणाले, ‘‘फिरून तिथंच गेला का रे?’’ वडिलांचं उत्तर ठरलेलं होतं. ‘‘बापानं ओढायचं सोडलं. मी ओढत नाही. मी मशीन चालवतो.’’

कामाला लागतानाच त्यांनी मालकाला एक अट घातली होती. मालक म्हणजे तिथल्याच गावातला माणूस. बापजाद्यांच्या शेतात त्याने शेड टाकली होती. गाड्या उतरतात त्या अंगणाला तिथे यार्ड म्हणत. पिंपं रिकामी करून फावड्याने माल पन्हाळीत लोटायचा, हे यार्डातल्या हेल्परांचं काम. वडील म्हणाले, काहीही सांगा, यार्डात फावडं धरणार नाही. मालकाने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘‘न्हाई देत फावडं. कुकर घे. पर कुकरला नाक लागतंया. हाय का?’’

नाक होतं.

कारखाना मी पाहिला तो खंडेनवमीला. त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना बोलावत. शेड धुतलेली असे, यंत्रांना झेंडूच्या माळा, आणि मालकाकडून जिलेबी. कुकर म्हणजे आडवं ठेवलेलं, रेल्वेच्या टाकीसारखं लोखंडी भांडं. त्याला दुहेरी भिंत असते आणि त्या दोन भिंतींमध्ये बॉयलरची वाफ खेळते. आत एक दांडा सतत फिरतो, त्यामुळे माल तळाला लागत नाही. आधी दाबाखाली शिजवायचं, त्याने जंतू मरतात आणि पिसं विरघळतात. मग दाब सोडून पाणी आटवायचं. पुढे प्रेस, पुढे गिरणी. कामगार त्या यंत्राला गिरणीच म्हणत. आत हातोड्या फिरतात, खाली जाळी असते.

गिरणीच्या तोंडाशी एक मोठं लोहचुंबक बसवलेलं होतं. दुकानदाराची सुरी चुकून पिंपात पडते, कधी आकडा, कधी तराजूचं वजन. कुकरमधून शिजून आलेलं ते सगळं चुंबकाला चिकटायचं. त्या सुऱ्या फेकत नसत. वर्षभर एका पत्र्याच्या डब्यात जमा करायच्या, खंडेनवमीला धुवून, तेल लावून यंत्रांसमोर मांडायच्या, आणि दसऱ्याला टेंपोवाल्याबरोबर आपट्याच्या पानांसकट दुकानांना परत पाठवायच्या. कुठली कोणाची हे कोणालाच माहीत नसे. ज्याला जी ओळखू येईल ती त्याची. एकदा निगडीच्या एका दुकानदाराने दुसऱ्याचीच चांगली सुरी उचलली आणि त्यावरून पुढची दिवाळी होईपर्यंत टेंपोवाल्याला शिव्या बसल्या.

हळदीकुंकू आमच्या घरात नव्हतं, त्यामुळे पूजेच्या वेळी वडील बाजूला उभे राहत. पण सुऱ्या धुवायचं आणि तेल लावायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी ते पांढरे कपडे घालून आम्हाला देहूरोडच्या विहारात नेत. निघताना मनगटाचा वास घेत, मग बाहीचा, मग पुन्हा मनगटाचा.

गिरणीवर होते ते काका बीडकडचे, वडिलांचे कारखान्यातले एकमेव जवळचे मित्र. सावलीतली जागा, बसायला स्टूल, खिळ्याला टांगलेला रेडिओ. कुकरवर जायला त्यांना मालकाने दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा त्यांनी मूळव्याधीचं कारण सांगितलं. उष्णता सोसत नाही म्हणे. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. ते स्टूल आणि तो रेडिओ.

कुकर उघडायची वेळ वडील वासावरून ठरवत. घड्याळ होतं, दाबाचा काटा होता, पण माल रोज वेगळा. कधी पिसं जास्त, कधी चरबी, पावसाळ्यात नुसतं पाणी. त्यांनी मला समजावलं होतं ते असं: आधी कच्चा वास येतो, मग उकडल्याचा, आणि पाणी संपत आलं की वास एकदम बदलतो. भाजलेल्या दाण्यांसारखा होतो. तिथे थांबायचं. त्याच्या अलीकडे उघडलं तर माल ओला, गिरणी तुंबते. पलीकडे गेलं तर करपलं, प्रथिनं गेली.

मला याचा पुरावा घरीच मिळत होता. आई कुटासाठी दाणे भाजायला ठेवायची आणि भांडी घासायला वळायची. बाहेरच्या खोलीतून वर्तमानपत्रामागून आवाज यायचा, ‘‘बंद कर.’’ आई गॅस बंद करायची. दाणा सालीतून सुटलेला, आत जेमतेम पिवळा. तिने स्वतःच्या अंदाजाने दाणे भाजले असं मला आठवत नाही. वडील गावाला गेले की आमच्याकडे कूट विकतचा यायचा.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत आमचं घर आजारी पडलं. आई लवकर उठली. वडिलांना ताप बरेच दिवस राहिला. मग तोही उतरला, ते कामावर जायला लागले. एके दिवशी आईने दाणे टाकले, वळली, आणि आवाज आला नाही. धूर झाला तेव्हा ती धावली. वडील बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते.

‘‘अहो, दाणे जळाले की!’’

‘‘जळाले?’’ त्यांनी पेपर खाली घेतला. धूर दिसल्यावरच ते उठले.

तिने जळलेल्या दाण्यांचं ताट त्यांच्या नाकाशी धरलं. ते ताटाकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘कोणाला बोलू नकोस.’’

कोणाला म्हणजे कारखान्यात. नाक नाही म्हटल्यावर कुकर नाही, आणि कुकर नाही म्हटल्यावर यार्ड, हे त्यांना दिसत होतं. त्या वयात दुसरीकडे ऑपरेटर म्हणून कोणी उभं केलं नसतं. येईल वास परत, सगळ्यांचा आला, असं आई म्हणायची. सांगवीच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. सकाळी उठून ते लवंग हुंगायचे, निलगिरीचं तेल हुंगायचे, रॉकेलची बाटलीसुद्धा हुंगून झाली.

तेव्हापासून घरातली एक पद्धत बदलली. आंघोळ झाली की ते मोरीच्या दारात उभे राहायचे, मनगट माझ्यापुढे धरायचे आणि विचारायचे, ‘‘येतोय का?’’ मी वास घ्यायचे. बहुतेक वेळा लिंबाचाच असायचा. ‘‘नाही, पप्पा.’’ मग बाही पुढे यायची. ‘‘नीट बघ.’’ इतकी वर्षं ज्या अंगाच्या जवळ जायचं नाही हे आम्हाला माहीत होतं, त्याच्यावर मी आता वाकत होते. मी तोवर वर्तमानपत्राच्या डेस्कवर नोकरीला लागले होते, दुपारी निघायचे. सुट्टीच्या दिवशीच ही वेळ गाठता यायची, एरवी आई हे काम करायची. पण तिच्या ‘नाही’वर त्यांचा विश्वास नव्हता. ती लाजेखातर खोटं बोलते, असं त्यांचं म्हणणं.

कारखान्यात ते बोटांवर भागवू लागले. लांब दांड्याच्या डावाने कुकरमधून चिमूटभर माल काढायचा, फुंकर घालून चोळायचा. कोरडा असला की तो कुरकुरतो, भुगा होतो. थोडे दिवस निभावलं. मग गिरणीवाल्या काकांना कळलं.

त्याची हकिकत काकांनी आमच्याच घरी, वडिलांच्या समोर, हातवारे करून सांगितली होती. जेवायची खोली शेडपासून लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला. त्या दिवशी वडिलांचं लक्ष नसताना काकांनी त्यांच्या शेजारी सुकटीचा डबा उघडून ठेवला.

‘‘भाऊ, डब्याला काय आज?’’

‘‘भेंडी. झकास झालीय. घ्या थोडी.’’

‘‘आन वास कसला येतोय हो?’’

‘‘कसला? काही नाही.’’

‘‘आवं भाऊ, नाकाखाली सुकट धरलीय तुमच्या! तो वारकरी हेल्पर डबा उचलून बाहेर पळाला, आन तुम्ही भेंडीचं कौतुक करायलाव!’’

वडील जेवायचे थांबले.

‘‘कवापासून?’’ काकांनी आवाज उतरवून विचारलं.

‘‘तापापासून.’’

‘‘मालकाला?’’

‘‘नाही.’’

‘‘वैनीला?’’

‘‘दाणे जळाले तेव्हा कळलं.’’

‘‘म्हणजे माझ्याआधी दाण्याला सांगितलं तुम्ही,’’ काका म्हणाले. ते खरोखरच दुखावले होते, असं वडील नंतर सांगायचे.

पण त्याच दिवसापासून व्यवस्था सुरू झाली. कुकर उतरायच्या सुमाराला काका तंबाखूची डबी घेऊन गिरणीवरून कुकरपाशी यायचे. नाक वर करून उभे राहायचे. माल अजून कच्चा असेल तर डबी खिशातच राहायची, इकडचं तिकडचं बोलून ते परत जायचे. दाण्याचा वास आला की हातावर तंबाखू घ्यायचे, चुना लावायचे, मळायचे आणि वर जोरात थाप मारायचे. ती थाप ऐकली की वडील झडप उघडायला सांगायचे. बाकीचे कामगार टिंगल करत. ‘‘काय काका, गिरणीवर चुना चढत नाही का तुमचा?’’ मालक ओरडायचा, ‘‘शेडीत तंबाकू न्हाई म्हनून पाटी लावलीया, दिसत न्हाई व्हय रं?’’ काका म्हणायचे, दिसते की, म्हणून तर थुंकायला बाहेर जातो.

वर्षभर हे चाललं. कोणाला शंका आली नाही. वडिलांचा वास परत आला नाही.

आता गटारीच्या दुसऱ्या दिवसाबद्दल. मी तिथे नव्हते. वडिलांनी आणि काकांनी वेगवेगळ्या वेळी जे सांगितलं, त्यातलं जुळतं तेवढंच लिहिते. आषाढाची अमावास्या झाली की श्रावण लागतो, घरोघर मांसाहार बंद होतो, म्हणून त्या दिवशी शहर पोटभर कोंबडी खाऊन घेतं. दुसऱ्या दिवशी चाकणला गाड्यांची रांग गेटाच्या बाहेर जाते. माल थांबवता येत नाही, सडतो. त्या दिवशी रजा कोणालाच मिळत नसे.

दुपारी कुकर आटण्यावर आलेला असताना काकांना फोन आला. त्यांची बायको मोरीत घसरून पडली होती, हात मोडला होता. काका चप्पल घालायचंही विसरून निघाले. गेटापर्यंत गेले आणि परत आले. कुकरपाशी उभे राहून त्यांनी श्वास घेतला. ‘‘अजून नाही,’’ ते म्हणाले. ‘‘जवळ हाय, पण अजून नाही. भाऊ, लक्ष ठेवा.’’ आणि कोणाच्या तरी गाडीवर बसून गेले.

वडिलांनी डाव काढला, माल चोळला. ओलसर लागला. थोड्या वेळाने पुन्हा काढला. तरी ओलसर. त्या दिवशीच्या मालात चरबी भयंकर होती, सगळी गुबगुबीत ब्रॉयलर. गरम चरबी बोटांना पाण्यासारखीच लागते. नाकाने हा फरक क्षणात सांगितला असता. वडिलांनी वाफ चालू ठेवली. यार्डातून हेल्पर ओरडत होते, कुकर कधी रिकामा करता, इथे गुडघाभर झालंय. घाई करून ओला माल गिरणीत सोडायचा नाही, हे त्यांच्या डोक्यात होतं. पुन्हा चोळलं. पुन्हा थांबले.

आधी प्रेसवरचे दोघे तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाले. मग बॉयलरवाला. मालक ऑफिसातून धावत आला. पलीकडे नव्या सोसायटीच्या गॅलऱ्यांत लोक उभे राहिलेले दिसत होते. शेडमध्ये फक्त वडील उरले होते. हातात डाव, दोन बोटं एकमेकांवर घासत. सगळे का पळतायत हे त्यांना कळेना. त्यांना वाटलं, वाफेची नळी फुटली. म्हणून ते वर नळीकडे बघत होते.

मालकाने स्वतः वाफ बंद केली.

‘‘आरं, समद्या गावाला कळलं! सोसायटीला कळलं! आन तू कुकरच्या तोंडाशी हुबा, तुला न्हाई कळलं?’’

वडील म्हणाले, ‘‘मला वास येत नाही, मालक. करोनापासून.’’

‘‘मंग इतकं दिस कशावर चालवलास?’’

‘‘बोटांवर.’’

तंबाखूचं नाव त्यांनी काढलं नाही. ऑफिसातला फोन वाजायला लागला होता, सोसायटीवाल्यांचा. तिकडे वळता वळता मालक म्हणाला, ‘‘उद्या यार्डात ये.’’

त्या दिवशी मला सुट्टी होती. वडील आले, चपला जिन्यापाशी, शर्ट खुंटीला, मोरी. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. दारात येऊन त्यांनी मनगट पुढे केलं.

‘‘येतोय का?’’

मी वास घेतला. साबण, डाळीचं पीठ, लिंबू यांच्या खालून तो येत होता. आमच्या घरात फक्त एकदा आलेला वास, ओळखायला अवघड नव्हता.

‘‘करपल्याचा येतोय, पप्पा.’’

ते वळून पुन्हा मोरीत गेले. चहा पिताना सांगितलं, काय झालं ते. आई म्हणाली, ‘‘मग उद्या जाऊच नका.’’

‘‘जाणार,’’ ते म्हणाले. ‘‘फावडं धरणार नाही, हे सांगायला तरी जावं लागेल. न सांगता बसलो तर पळाला म्हणतील.’’

सकाळी त्यांनी शर्ट घातला तेव्हा खिशावरच्या शब्दावरून अंगठा फिरवला. की सुरकुती काढली, कोण जाणे. नाशिक फाटा, भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल असा त्यांचा रोजचा रस्ता. त्या दिवशी ते मोटरसायकल न घेता बसने गेले. एरवी अंगाच्या वासामुळे ते बस टाळायचे. काम न करताच परतायचं, तर येताना तो प्रश्न उरणार नाही, असं त्यांना वाटलं असावं.

यार्डात करपलेला माल ढीग करून टाकलेला होता आणि त्याच्याशेजारी फावडी. मालक आला.

‘‘चार दिस हितं काढ. मंग बघू.’’

‘‘कामाला लागताना ठरलं होतं, मालक.’’

‘‘ठरलं व्हतं. आन नाक बी ठरलं व्हतं.’’

मालकाचं खरं होतं, असं वडील अजूनही म्हणतात. ते गेटाकडे वळले. तेवढ्यात फोनवर सगळं ऐकलेले काका आले. रात्रभर दवाखान्यात बसून, तसेच, कोणाच्या तरी मोठ्या मापाच्या चपला घालून.

‘‘मालक, तंबाखू माझी होती,’’ ते म्हणाले.

‘‘कसली तंबाकू?’’

काकांनी सगळं सांगितलं, हातावर थाप मारूनसुद्धा दाखवली. यार्डातले हेल्पर हसायला लागले. मालक हसला नाही. ‘‘दोघं मिळून मला येडा बनवलात व्हय रं वरीसभर?’’

‘‘माल खराब गेला का वरीसभरात? कालचा सोडून?’’

‘‘कालचाच पुरं हाय. सोसायटीवाले सकाळधरनं फोनवर हायेत.’’

‘‘कुकर मी घेतो,’’ काका म्हणाले.

‘‘तू? तुला मूळव्याध हाय न्हवं?’’

‘‘हाय की. पण कुकर काय बसून चालवायचा असतो व्हय?’’

यावेळी मालकाच्याही तोंडावर काहीतरी हललं. ‘‘आन गिरणीवर कोन?’’

‘‘गिरणीला नाक लागत नाही, बोटं लागत्यात. हे हायेत की.’’

‘‘बोटांनीच जाळला काल.’’

‘‘कुकरचा माल गरम असतो, चरबीचा. गिरणीवर गार येतो, चरबी काढून. तिथं बोट चुकत नाही. आन पटत नसंल तर दोघांना फावडं द्या, मी बी धरतो.’’

बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजत होते. गटारीचा माल अजून संपायचा होता आणि कुकर थंड पडलेला. मालक म्हणाला, ‘‘जा. दोघं बी जा. तोंड काळं करा आत.’’

वडील गिरणीवर गेले. स्टूल तिथेच होतं. त्यांनी खिळ्यावरचा रेडिओ काढला, कुकरपाशी नेऊन टांगला आणि परत आले. वाफेने तो रेडिओ पावसाळा संपायच्या आत बिघडला. काकांनी दुसरा आणला नाही.

त्या दसऱ्याला शर्ट मिळाले. दोघांच्याही खिशावर ‘ऑपरेटर’ होतं. कुकर किंवा गिरणी असं काही नव्हतं, ते पूर्वीही नव्हतं. खंडेनवमीला सुऱ्यांचा डबा आता वडिलांच्याच ताब्यात होता, चुंबक त्यांच्या हाताखाली आल्यामुळे. त्यांनी त्या वर्षी सुऱ्या नुसत्या धुतल्या नाहीत, धारही लावली. दुकानदार खूश झाले. निगडीवाल्याने निरोप पाठवला की वर्षातून दोनदा दसरा करा.

गिरणीवर गेल्यावर वडिलांच्या अंगाचा वास बदलला. कुकरचा वास ओला असतो, तो चिकटतो. गिरणीचा कोरडा, धुळीसारखा. एका आंघोळीत जाऊ लागला. तरी दुसरी आंघोळ, डाळीचं पीठ आणि ‘‘येतोय का?’’ हे सुटलं नाही. मी लग्न होऊन सांगवीला गेले. रविवारी माहेरी यायचे, तेव्हा चहाच्या आधी मनगट पुढे यायचंच.

आता कारखाना तिथे नाही. मालकाने जागा विकली, यंत्रं राजगुरुनगरच्या पुढे कुठेतरी नेली. शेडच्या जागी उंच इमारती होतायत. तिकडून गाडीने जाताना मी काच खाली करते. सिमेंटचा वास येतो. चाकणच्या बाजारातला कांदा येतो, वारा असेल तर. तो दुसरा वास, ज्यासाठी एके काळी बसमधली माणसं तिथून जाताना नाकाला पदर लावायची, तो कुठेच नाही.

वडील घरी असतात. काका निवृत्त होऊन गावी गेले, वर्षातून एकदा बायकोच्या हाताच्या तपासणीसाठी येतात आणि आमच्याकडे उतरतात. गेल्या खेपेला आले तेव्हा मी तिथे होते. आईने दाणे भाजायला टाकले आणि भांड्यांकडे वळली. बाहेरच्या खोलीत दोघे गप्पा मारत बसले होते. काकांनी तंबाखू सोडली आहे. बोलता बोलता ते थांबले, नाक वर केलं आणि रिकाम्या तळहातावर एक जोरदार थाप मारली.

‘‘बंद कर,’’ वडील आतल्या दिशेने म्हणाले.

आईने गॅस बंद केला.

निघताना काकांना गॅलरीत खुंटी दिसली. शेवटच्या दसऱ्याचा शर्ट तिच्यावर होता. त्याचा खिसा आईने उसवलेला नाही.

‘‘भाऊ, ह्यो अजून भायेरच?’’

वडिलांनी शर्ट काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

‘‘येतोय का?’’

काकांनी कॉलर नाकाशी नेली, मग खिसा, मग काखेची शिवण. त्यांनी घाई केली नाही. आई दारात उभी होती. तिने तो शर्ट किती वेळा धुतलाय हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

‘‘येतोय,’’ काका म्हणाले. ‘‘कुकरचा नाही. गिरणीचा येतोय.’’

‘‘मग राहू दे बाहेर,’’ वडील म्हणाले आणि शर्ट पुन्हा खुंटीला लावला.